कारखान्याच्या माथ्यावरचे दालन

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो उभा राहिला, पुढे २००७ मध्ये त्यात टाटांची भागीदारी आली आणि २०१७ मध्ये तिथे जीपच्या 'कंपास' गाडीचे उत्पादन सुरू झाले. परंतु या फियाटचा एकेकाळचा मुख्य कारखाना इटलीतल्या तुरीन शहरात लिंगोत्तो नावाच्या भागात उभा आहे, आणि त्याच्या गच्चीवर आज चित्रांचे दालन आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आली असेल. जुन्या औद्योगिक वास्तूच्या माथ्यावर कलादालन चढवण्याचे जे प्रयोग जगात झाले, त्यात या दालनाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. प्रस्तुत लेखात त्याचे परीक्षण करण्याचा विचार आहे.

एका इमारतीचे परीक्षण साहित्याच्या वार्षिकात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. पण वास्तू हेही एक प्रकारचे लेखनच असते. कोणाचे नाव दर्शनी भागावर कोरायचे, कोणाला जिन्याने न्यायचे, कोणाला मागच्या दाराने, काय जपायचे आणि काय पाडून टाकायचे, हे निर्णय वास्तुकार घेतो तेव्हा तोही संपादकाप्रमाणे निवड करीत असतो. ज्या समाजातला मोठा वर्ग कारखान्यांत, मागावर, गॅरेजमध्ये आणि रेल्वेच्या शेडमध्ये राबत आला, त्या समाजाच्या वाचकांना ही निवड तपासून पाहण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आधी मूळ वास्तू समजून घेऊ. लिंगोत्तोचे बांधकाम १९१६ मध्ये सुरू झाले आणि १९२३ मध्ये कारखान्याचे उद्घाटन झाले. रचनाकार होते जाकोमो मात्ते-त्रुक्को. ते अभियंते होते, आणि वास्तूवर याची छाप स्पष्ट दिसते. पाच मजली, सुमारे अर्धा किलोमीटर लांब असा हा सिमेंट काँक्रीटचा सांगाडा. कच्चा माल तळमजल्यावर यायचा, एकेका मजल्यावर काम होत होत गाडी वर चढायची आणि पूर्ण झालेली गाडी थेट गच्चीवर निघायची. गच्चीवर सुमारे एक किलोमीटरची चाचणीची धावपट्टी होती, तिच्या दोन्ही टोकांची वळणे विहिरीच्या कठड्यासारखी आत उतरती बांधलेली होती. गाडी तिथे पळवून पाहायची आणि मग गोल फिरत जाणाऱ्या उतरणीवरून खाली आणायची. आपल्याकडे गच्ची म्हणजे पापड, मिरच्या वाळवण्याची, फार तर उन्हाळ्यात अंथरूण टाकण्याची जागा. इथे गच्ची हा कामाचा शेवटचा मजला होता. ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुकाराने या इमारतीची स्तुती केली ती उगाच नाही. कामाचा ओघ आणि इमारतीचा आकार इतके एकजीव झालेले क्वचितच आढळतात.

पुढे एकाच पातळीवर पसरलेल्या कारखान्यांचा जमाना आला. फियाटनेच १९३९ मध्ये तुरीनमध्ये मिराफियोरी हा अधिक मोठा कारखाना सुरू केला आणि लिंगोत्तो मागे पडत गेले. अखेर १९८२ मध्ये ते बंद झाले. हे साल मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण दोन्ही शहरांपुढे त्यानंतर एकच प्रश्न उभा राहिला. यंत्रे थांबली, माणसे घरी गेली. आता या अवाढव्य इमारतींचे करायचे काय?

तुरीनने उत्तर शोधायला घाईने कुदळ उचलली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कंपनीने नामवंत वास्तुकारांकडून कल्पना मागवल्या आणि १९८५ च्या सुमारास रेन्झो पियानो यांच्याकडे काम सोपवले. त्यांनी मूळ सांगाडा जवळजवळ आहे तसा ठेवला आणि त्यात प्रदर्शनाची जागा, संगीतसभागृह, हॉटेल, दुकाने, अभियांत्रिकीचे वर्ग असे नवे संसार टप्प्याटप्प्याने मांडले. सर्वांत शेवटी, सप्टेंबर २००२ मध्ये, गच्चीवरचे कलादालन उघडले. ते आन्येल्ली घराण्याच्या नावाने आहे. याच घराण्याने फियाट चालवली. दालनाला इटालियनमध्ये 'स्क्रिन्यो' म्हणतात, म्हणजे दागिने ठेवायची संदूकची. नाव अगदी नेमके आहे. पोलादाची ही बंद पेटी धावपट्टीच्या वर, गच्चीपासून उचलून, पायांवर उभी केली आहे.

वास्तुरचनेच्या दृष्टीने हे काम वरच्या दर्जाचे आहे, आणि का ते नीट पाहायला हवे. जुन्या इमारतीवर मजला चढवताना पहिली अडचण वजनाची. ज्या छतावर फक्त दुरुस्तीपुरता माणूस चढतो, ते दर चौरस मीटरला ७५ किलोच्या आसपास भार धरून बांधलेले असते. जिथे लोक गर्दीने जमणार त्या मजल्याला चारशे ते पाचशे किलोंचा हिशेब धरावा लागतो. लिंगोत्तोची गच्ची मुळातच मोटारी पळवण्यासाठी बांधलेली. म्हणजे जी गोष्ट इतरत्र अडथळा ठरते, ती इथे वारशाने मिळाली होती, आणि पियानोंनी तिचा योग्य उपयोग केला. दुसरी अडचण प्रकाशाची. तैलचित्राला दीडशे-दोनशे लक्सपेक्षा जास्त उजेड सोसत नाही आणि कागदावरच्या चित्राला तर पन्नासच पुरे. उघड्यावर भर दुपारचे ऊन लाख लक्सच्या घरात जाते. गच्चीवर चित्रे टांगायची म्हणजे या उन्हाशी झगडा आला. पियानोंनी पेटीच्या वर काचेच्या पट्ट्यांचे एक पसरट आवरण धरले. त्याला 'उडता गालिचा' म्हटले जाते. ऊन त्यातून गाळून, मवाळ होऊन खाली उतरते. तिसरी गोष्ट, नवी पेटी जुन्या इमारतीची नक्कल करीत नाही आणि तिला धक्काही देत नाही. उद्या ती उचलून नेली तरी लिंगोत्तो लिंगोत्तोच राहील. जुन्या वास्तूत भर घालताना एवढी अदब फार थोड्यांना साधते.

मग खोट कुठे आहे? माझ्या मते ती दोन ठिकाणी आहे. एक वाटेत आणि दुसरी पेटीच्या आत.

वाटेचे पाहा. हा कारखाना म्हणजेच एक चढण होती. पत्रा, रबर, काच, काथ्या खालून वर जात जात गाडी होत गेली. इथे येणाऱ्या प्रेक्षकाला त्याच चढणीने नेले असते, मजल्यामजल्यावर थांबवत, या मजल्यावर काय होत होते हे दाखवत, तर गच्चीवर पोचेपर्यंत त्याला वास्तूचा अर्थ पायांनी कळला असता. पण प्रेक्षक आत शिरतो तो दुकानांच्या गल्लीतून, आणि लिफ्टने वर जातो. मधले मजले त्याच्यासाठी अदृश्य होतात. तो कारखान्यावर चढतो, कारखान्यातून जात नाही. पाच मजल्यांची ही वास्तू त्याच्या लेखी केवळ एक उंच ओटा उरते, ज्यावर कोणीतरी संदूकची ठेवली आहे.

आता पेटी उघडू. आत कायमस्वरूपी पंचवीस कलाकृती आहेत, जोवान्नी आणि मारेल्ला आन्येल्ली यांच्या संग्रहातल्या. कानालेत्तोची व्हेनिसची दृश्ये, मातीसची सात चित्रे, पिकासो, रेन्वार, माने, मोदिल्यानी, कानोव्हाची दोन शिल्पे. यातली कोणतीही कलाकृती कोणत्याही दालनाची शान वाढवील. परंतु ज्या वास्तूच्या डोक्यावर ती आहेत तिच्याशी त्यांचे नाते शोधू गेल्यास हाताला फारसे लागत नाही. एक अपवाद आहे, जाकोमो बाल्ला यांचे १९१३ मधले 'अमूर्त गती' हे चित्र. त्यात धावत्या मोटारीचा वेग रेषांच्या भोवऱ्यांतून पकडला आहे. म्हणजे मोटारीच्या कारखान्यावरच्या दालनात मोटार आहे ती वेगाच्या रूपाने. ती घडवणारा हात मात्र नाही.

हा हात मुका नव्हता. सप्टेंबर १९२० मध्ये तुरीनच्या कामगारांनी फियाटसह शहरातले कारखाने ताब्यात घेतले होते. मार्च १९४३ मध्ये, फॅसिस्ट राजवट आणि महायुद्ध दोन्ही चालू असताना, याच शहरातल्या कारखान्यांत संपाची लाट उठली. १९८० च्या शरद ऋतूत फियाटचा संप पस्तीस दिवस चालला आणि कामगारांच्या पराभवात संपला; त्यानंतर दोन वर्षांत लिंगोत्तोला टाळे लागले. या इतिहासाशिवाय लिंगोत्तो म्हणजे सुबक काँक्रीट, एवढेच उरते.

याच्या उलट बाजूने बोलणारे काय म्हणतील, याची मला जाणीव आहे. कलादालन म्हणजे कामगार चळवळीचे संग्रहालय नव्हे. मातीसला आपल्या रंगांखेरीज कोणाला जबाब द्यायचा नाही. आणि धनवंताने घरातली चित्रे बंद दाराआड न ठेवता लोकांसमोर मांडली, यात वाईट काय? यातले पहिले दोन मुद्दे निर्विवाद आहेत. तिसराही अर्धा खरा आहे. संग्रह खुला करणे हे औदार्यच. पण हीच चित्रे शहरातल्या एखाद्या हवेलीत मांडता आली असती. ती कारखान्याच्या माथ्यावर मांडली, ही निवड आहे, आणि निवड केली की तिचा अर्थ लागतोच. मालकाचा ठेवा वर आणि खाली हजारो निनावी हातांची वास्तू, हा क्रम दगडविटांत लिहिला गेला. टीका चित्रांवर नाही, या क्रमावर आहे.

इथे आपल्याच भाषेतला एक शब्द मदतीला येतो. 'कारखाना' हा शब्द फारसीतून आला. कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे घर. कारागीर आणि कारकून त्याच कुळातले. अकबराच्या दरबारी शंभरावर कारखाने आणि कचेऱ्या असल्याचे अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त नोंदवतो, आणि चित्रकारही याच व्यवस्थेचा भाग होते. तोफा, शामियाने, शाली जशा कारखान्यात होत, तशीच चित्रेही. चित्रकारांचे काम दारोगा आणि कारकून आठवड्याला बादशहापुढे ठेवीत, कामाची पारख होई आणि त्याप्रमाणे इनाम मिळे किंवा महिन्याचा पगार वाढे. याच व्यवस्थेतून दसवंत पुढे आला. तो पालखी उचलणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढताना बादशहाची नजर त्याच्यावर पडली. महाभारताच्या फारसी 'रज्मनामा'साठी त्याने रेखाटने केली. त्या काळच्या हस्तलिखितांत चित्राखाली हाशियात बारीक अक्षरांत नोंद असते: 'तरह' अमक्याची, 'अमल' तमक्याचा. म्हणजे आराखडा कोणी काढला आणि रंगकाम कोणी केले, दोघांची नावे. ती व्यवस्था बादशाही होती, समतेची नव्हती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पानाच्या तळाशी मजुराचे नाव लिहिण्याइतकी तमीज तिच्या कारकुनाला होती. कला आणि कारखाना एका छताखाली नांदू शकतात हे आपल्या परंपरेला परके नाही. लिंगोत्तोच्या दालनात नेमका हा हाशिया राहून गेला आहे.

न्यायाची गोष्ट म्हणजे तुरीनमध्ये पुढे काही दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये गच्चीवरच्या धावपट्टीवर चाळीस हजार रोपांची बाग केली गेली आणि लगेच पुढच्या काळात तिथे समकालीन शिल्पे, मांडणशिल्पे ठेवायला सुरुवात झाली. आता प्रेक्षक पेटीत जाऊन परत फिरत नाही. तो धावपट्टीवर चालतो, वळणाचा उतार पाहतो, खालचे शहर पाहतो. माझ्या समजुतीप्रमाणे लिंगोत्तोचे सर्वांत मोठे प्रदर्शन ही धावपट्टीच आहे. ती आधीपासून तिथेच होती, फक्त तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहायला उशीर झाला. लंडनच्या टेट मॉडर्नने हे धोरण पहिल्यापासून ठेवले. १९८१ मध्ये बंद पडलेल्या बँकसाइड वीजकेंद्रात ते २००० साली उघडले. त्याच्याही माथ्यावर दोन मजली काचेची पेटी आहे. परंतु प्रेक्षक आत येतो तो यंत्राच्या अवाढव्य दालनातून. तिथला उतार उतरताना माणूस आपोआप गप्प होतो. वर जाण्याआधी कारखान्याची उंची त्याच्या अंगावर येते. शिवाय तिथला कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले? लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला आणि धुराडे शोभेला उरले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने अंगावर घेतले. बाकी बहुतेक ठिकाणी मनोरे उठले. खरे तर गिरण्यांच्या साचेखात्याचे करवतीच्या दातांसारखे छत चित्रांसाठी जन्माला आल्यासारखे होते. त्याच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असत, कारण उत्तरेच्या उजेडात थेट ऊन येत नाही आणि धागा स्वच्छ दिसतो. चित्रकारही आपल्या खोलीला उत्तरेची खिडकी शोधतो, ती याच कारणाने. विणकराला आणि चित्रकाराला लागणारा उजेड एकच, यापेक्षा कलादालनाला आणखी कोणते निमित्त हवे होते?

अशा साचेखात्यावर दालन झाले असते तर भिंतींवर काय टांगावे याची वाण पडली नसती. पुण्यात जन्मलेले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन यांनी कामगार माणूस आणि त्याचे बदलते शहर आयुष्यभर रंगवले. २००१ मधले त्यांचे 'लोअर परळ' हे चित्र तर गिरणगावाचेच आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींचा मोठा ग्रंथ २००४ साली दिला. उत्तर हिंदुस्थानातून मदनपुऱ्यात, भिवंडीत, मालेगावात आलेल्या मोमिन विणकरांची कहाणी त्यात जोडता आली असती. आणि एक कडवट पानही: सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात शिरू देत नसत, आणि हा अन्याय बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस संपाच्या काळात वेशीवर टांगला. दालन साचेखात्यावर बांधायचे तर ही गोष्ट जिन्यातच सांगावी लागते. ती गाळली तर आपलाही हाशिया कोराच.

या सगळ्यातून जुन्या कारखान्यावर दालन बांधू पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचे प्रश्न निघतात. छत भार पेलेल काय? उजेड गाळता येईल काय? हे दोन प्रश्न अभियंत्याचे, आणि पियानोंनी ते उत्तम सोडवले. तिसरा प्रश्न, माणूस वर कोणत्या वाटेने जाईल? चौथा, वर पोचल्यावर खाली राबलेल्यांची नावे त्याला कुठे भेटतील? पाचवा, त्या राबलेल्यांच्या नातवंडांना तिकीट परवडेल काय? शेवटचे तीन प्रश्न आराखड्यात सुटले नाहीत तर पुढे सूचनाफलक लावून सुटत नाहीत.

शेवटी रांजणगाव. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे वडील, भाऊ, चुलते रांजणगाव किंवा कुरकुंभच्या वसाहतीत पाळीवर जातात, बरेचसे ठेकेदारामार्फत. दौंडला १८७८ पासून मनमाडचा फाटा जोडलेला असल्याने रेल्वेत राबलेल्या पिढ्याही आपल्याकडे आहेत. या घरांतल्या पोरांना मी लिंगोत्तोची चित्रे दाखवली तेव्हा एकाने विचारले, आपल्या कंपनीच्या छपरावर असे होईल का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. आजच्या कारखान्यांच्या शेड पोलादी कमानी आणि पन्हाळी पत्र्यांच्या असतात. त्यांचे छत पाऊस अडवते, माणसांची गर्दी पेलत नाही. काम संपले की नटबोल्ट खोलून शेड दुसरीकडे नेता येते. शंभर वर्षांनी मागे काहीच उरू नये, अशाच बेताने त्या बांधलेल्या आहेत. तुरीनच्या कामगाराच्या वाट्याला निदान एक इमारत आली. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा आपला माणूस करार संपला की पटावरूनही जातो.

तेव्हा हे दालन आपल्याला कागदावरच उभारावे लागेल, आणि ते काम वास्तुकाराचे नाही, लिहिणाऱ्यांचे आहे. शिरूर-दौंडच्या तरुण कवी-कथाकारांना माझी एवढीच विनंती आहे की घरातल्या कामगाराला एकदा समोर बसवावे. वेल्डिंग शॉपमध्ये डोळ्यांना काय होते, पेंट शॉपमधून आलेल्या कपड्यांना कसला वास येतो, रात्रपाळीच्या बसमध्ये कोण कोणाशी काय बोलतो, रमजानमध्ये लाइनवर इफ्तार कसा उरकतात, हे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. शब्द त्याचा घ्यावा, आपला घालू नये. आणि खाली, हाशियात, तरह कोणाची आणि अमल कोणाचा, ते लिहायला विसरू नये.